उमेद मागाहून येते, वेळ आधी ठरवा

१८९७ साली औंधच्या राजपुत्रानं व्यायामाची साधनं मागवली. युजीन सँडो या जर्मन पहिलवानाचं नाव तेव्हा जगभर गाजत होतं आणि त्याचे डंबेल्स, त्याची पुस्तकं दूरदूर जात होती. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती पद्धत उचलली आणि दहा वर्षं नेमानं चालवली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांचं पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ साली ते गादीवर आले आणि १९५१ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. मधल्या चार दशकांत औंध आणि सूर्यनमस्कार ही जोडी अशी जमली की आजही एकाचं नाव निघालं की दुसऱ्याचं निघतं.

यावर कुणी म्हणेल, त्यांची इच्छाशक्तीच दांडगी होती आणि राजाला वेळेची काय चणचण? पण त्यांचा नेम कशाच्या आधारावर उभा होता ते पाहिलं, तर त्यात राजवैभवाचं काहीच सापडत नाही. एक सतरंजी पसरेल एवढी जागा, सकाळची ठरलेली वेळ, घरच्यांची सोबत आणि आकड्यांची मोजदाद. या चारही गोष्टी सांगलीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत जमण्यासारख्या आहेत.

आपली गल्लत वेगळ्याच ठिकाणी होते. आतून वाटलं की सुरू करू, असं म्हणत आपण थांबतो. सुरुवातीला जी येते ती हौस, आणि हौस पंधरा दिवसांत फिटते. खरी उमेद येते ती काम अंगवळणी पडू लागल्यावर, जिना चढताना दम कमी लागतोय हे कळल्यावर, रात्री शांत झोप लागल्यावर. म्हणून निरोगी सवय लावायची असेल, तर हौस फिटल्यानंतरच्या दिवसांची सोय आधीच करून ठेवायला हवी. ती कशी करायची, ते इथं सांगतो.

औंधच्या नेमातून काय घ्यावं?

औंध संस्थान विखुरलेलं होतं. खुद्द औंध आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तीही याच राजानं दिलेल्या जागेवर. या मुलखातल्या शाळांमध्ये बाळासाहेबांनी सूर्यनमस्कार सुरू केले. स्वतः पुस्तक लिहिलं. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजदूत झाले आणि त्यांनीही याच विषयावर लिहिलं.

या उदाहरणातून आपल्या कामाच्या चार गोष्टी मिळतात. पहिली, व्यायाम असा निवडला की त्याला साधन लागत नाही. वजनं हवीत, स्प्रिंगा हव्यात, ही अडचणच संपली. दुसरी, वेळ ठरलेली, सकाळी उपाशीपोटी. आज करू की उद्या, हा विचार रोज नव्यानं करावा लागत नाही. तिसरी, राणीसाहेबांपासून मुलांपर्यंत घरातले सगळे नमस्कार घालत, त्यामुळे त्या घरात व्यायाम करणारा माणूस वेगळा पडत नव्हता. चौथी, मोजदाद. प्रत्येक नमस्कार सूर्याचं एकेक नाव घेऊन घालायचा, बारा नावं झाली की एक आवर्तन पुरं. मनात गोंधळ नाही आणि आज किती झाले याचा हिशेब चोख.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. शाळेत हुकमानं नमस्कार घालून घेता येतात, पण मूल मोठं झाल्यावर हुकूम सोबत येत नाही. मुलांना सवय लागावी असं वाटत असेल, तर आई-बाप रोज सकाळी काय करतात हे त्यांना दिसलं पाहिजे. मुलाला मैदानावर सोडून स्वतः गाडीत मोबाइल बघत बसणाऱ्या पालकांनी तेवढा अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारल्या, तर दोघांचंही भलं होईल.

कारण जवळचं निवडा

देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसलं. आकडा मोठा आहे आणि तो सगळ्यांना कळायला हवा. पण आकड्याची भीती माणसाला फार दिवस उठवत नाही. रिपोर्ट हातात आला की महिनाभर चालणं होतं, पुढचा रिपोर्ट बरा आला की बूट पलंगाखाली जातात.

त्यापेक्षा डोळ्यांसमोर दिसणारं कारण निवडा. साताऱ्याच्या माणसानं ठरवावं की दिवाळीपर्यंत अजिंक्यतारा न थांबता चढायचा. मिरजेकडच्या माणसाला दंडोबाचा डोंगर आहे. आजीला सज्जनगडाच्या पायऱ्या चढायच्या असतील, आजोबांना नातवाला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचं असेल. असं कारण एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, या वाक्यात तुम्ही नसता. माझे गुडघे मला शेवटपर्यंत साथ देणारे हवेत, या वाक्यात तुम्ही असता.

सुरुवात छोटी, अगदी छोटी

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनेनुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे दिवसाला जेमतेम २२ मिनिटं. एका दमात नाही जमलं तर सकाळी दहा आणि रात्री बारा मिनिटं असंही चालतं.

पण ज्यानं वर्षभर काहीच केलेलं नाही, त्यानं पहिल्याच दिवशी २२ मिनिटांचा आग्रह धरू नये. पहिले दोन आठवडे फक्त पाच मिनिटं. नमस्कार घालणार असाल तर तीन. एवढ्यानं काय होणार, असं वाटेल. या काळात शरीरापेक्षा वेळेची घडी बसवायची असते. रोज त्या वेळेला आपण उठलो, उभे राहिलो, एवढं झालं की पुरे. पहिल्या दिवशी बारा नमस्कार घालून दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येण्यापेक्षा, तीन घालून आणखी दोन घातले असते तर चाललं असतं असं वाटणं बरं. ती उरलेली इच्छा उद्या कामाला येते.

ठरलेल्या कामाच्या पाठीला बांधा

पहाटे पाचला उठा, हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या शेतकऱ्याच्या मोटारीला थ्री फेज वीज रात्रीची असते, तो दोन वाजता रानात पाणी पाजायला उभा असतो. त्याला पहाटेच्या व्यायामापेक्षा झोपेची गरज जास्त. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराचं बघा. ऑक्टोबरची छाटणी झाली, वर ढगाळ हवा आली की दावण्या रोगाच्या धास्तीनं पहाटेच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणीला जावं लागतं. त्या दिवसांत पहाटेची वेळ त्याच्या हातात नसते. म्हणून घड्याळाला धरण्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला नवी सवय जोडावी.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर बराच अभ्यास केला आहे. अमुक झालं की मी तमुक करीन, असं आधीच नेमकं ठरवणारी माणसं नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा आपलं ठरवलेलं जास्त पार पाडतात, असं त्यांना आढळलं. आपल्या घरात हे असं बसवता येईल.

सकाळच्या चहाची कपबशी विसळून ठेवली की चपला घालायच्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं.

धारा काढून झाल्या, दूध डेअरीला घातलं की परत येताना गाडी घराच्या अलीकडच्या चौकात लावून चालत यायचं.

मुलांचा डबा भरून ती शाळेला गेली की लगेच पाच नमस्कार, मग बाकीची आवराआवर. घरच्या बाईच्या वाट्याला मोकळा वेळ कुणी आणून देत नाही, म्हणून ही दहा मिनिटं घरात सगळ्यांना सांगून राखून ठेवावीत, आणि घरच्यांनी ती पाळावीत.

रात्रीचं जेवण झालं की शतपावली. जेवणानंतर थोडं चालल्यानं रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे आता तपासून सिद्ध झालेलं आहे. टीव्ही लावायच्या आधी पंधरा मिनिटं, एवढाच नियम.

दिवसभर रानात राबतोय, आणखी व्यायाम कशाला, असं बरेच शेतकरी विचारतात. खुरपणी, भांगलण, ओझी उचलणं हे श्रमच आहेत आणि ते धरायलाच हवेत. पण ज्यांचं बरंचसं काम ट्रॅक्टरवर आणि मोटारसायकलवर गेलं आहे, त्यांनी प्रामाणिकपणे मोजावं की दिवसात पाय किती चालले. आणि ज्यांचे श्रम खरोखर पुरेसे आहेत, त्यांनी व्यायामाऐवजी झोप, पाणी, जेवणाची वेळ किंवा तंबाखू यांपैकी एक सवय हातात घ्यावी.

सोबत शोधा

एकट्यानं चालू केलेलं एकट्यानंच बंद पडतं, आणि विचारायला कुणी येत नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा दिंडीत सत्तरीचे वारकरी दिवसाला कोसच्या कोस चालताना दिसतात. एरवी त्यांतल्या कितीतरी जणांना एवढं चालणं झेपणार नाही. तिथं दिंडीतली जागा ठरलेली असते, शेजारी रोजचा माणूस असतो, पुढचा मुक्काम ठाऊक असतो. थकवा येतो, पण मागं राहावंसं वाटत नाही.

ही सोय वर्षभर करता येते. दोघंतिघं जमवा. सांगलीत असाल तर आमराईत, कृष्णाकाठी, हरिपूरच्या रस्त्यावर, जिथं सोयीचं असेल तिथं भेटायचं ठिकाण ठरवा. ठिकाण आणि वेळ एकच ठेवा, म्हणजे रोज फोनाफोनी नको. जो येणार नाही त्यानं आदल्या रात्री कळवायचं, एवढी एकच अट. सकाळी सहा वाजता कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, ही जाणीव गजरापेक्षा जास्त काम करते.

थोडे पुढे गेलेल्यांनी समोर एखादी तारीख ठेवावी. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून उतरायची, २१ किलोमीटरची ही शर्यत. तिच्यासाठी साताऱ्यातले नोकरदार, गृहिणी, व्यापारी महिनोन्‌महिने घाटात सराव करतात. शर्यत एका सकाळची, सराव अख्ख्या वर्षाचा. खरा लाभ त्या सरावाचाच. तुमच्यासाठी ती तारीख गावच्या जत्रेची असेल, गडावर जायच्या सहलीची असेल, नाहीतर रथसप्तमीच्या सामुदायिक सूर्यनमस्कारांची असेल.

चहा आणि तंबाखू

सवय लावणं जसं आहे, तसं काही सवयी मोडणंही आहे. आपल्याकडे त्यात दोन मोठ्या.

चहाचा हिशेब करू. चमचाभर साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. कपात दोन चमचे आणि दिवसात पाच कप, म्हणजे नुसत्या चहातून ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत आली तर फारच उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा घ्यायला जाल तर तिसऱ्या दिवशी जुन्यावर याल. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. जिभेला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून आत आधण ठेवायच्या आधीच सांगावं, काकू, मला अर्धा कप, बिनसाखरेचा. आपल्या माणसांना याचं वाईट वाटत नाही, आणि दोनतीन वेळा सांगितलं की तेच आठवणीनं वेगळा करतात.

तंबाखू आणि मिश्री यांचं गांभीर्य जास्त आहे. बायकांची मिश्री घरातच, सकाळच्या कामांच्या आधी होते, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि तिला व्यसनही म्हटलं जात नाही. ती तंबाखूच आहे आणि तोंडाला तितकीच घातक आहे. सोडताना डबी समोरून काढा, त्याच वेळेला दुसरं काहीतरी हाताला आणि तोंडाला द्या. बडीशेप, लवंग, साधा ब्रश. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं. हे अपेक्षित आहे आणि ते ओसरतं. मदतीसाठी १८०० ११२ ३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. फोन करायला संकोच करू नका.

खंड पडणारच

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. प्रत्येकानं एक नवी सवय निवडली आणि बारा आठवडे रोज नोंद ठेवली. सवय आपोआप होऊ लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवणाआधी पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त वेळ लागला. दसऱ्याला सुरू केलेली गोष्ट अंगवळणी पडायला डिसेंबर उजाडतो, असं धरून चाला. एकवीस दिवसांत सवय लागली नाही म्हणून आपल्यातच काही कमी आहे, असं समजू नका.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फार दिलाशाची आहे. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की सगळंच मोडलं असं मानतो आणि सोमवारची, पहिल्या तारखेची, पाडव्याची वाट बघतो. त्यापेक्षा एक नियम पाळा. सलग दोन दिवस चुकवायचं नाही.

आणि काही खंड ठाऊकच असतात, तर त्यांची तयारी आधीच करावी. एप्रिल-मेचं ऊन, लगीनसराई, उसाचा हंगाम, हळद शिजवायचे दिवस. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं तेव्हा चालण्याचे रस्ते तर सोडाच, कित्येकांना घरंही सोडावी लागली. अशा संकटात व्यायामाचं नाव कुणी काढू नये. पण घरी परतल्यावर पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करायची मुभा स्वतःला द्यावी. साध्या पावसासाठी, पाहुण्यांसाठी, गावाला जाण्यासाठी मात्र एक बदली व्यायाम ठरवून ठेवा, घरातच होणारा. चालणं बंद पडलं तर तीन नमस्कार. तेवढ्यानंही त्या दिवसाची नोंद होते.

नोंद ठेवाच. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेला दोरीनं पेन्सिल बांधा. झालं की त्या तारखेवर रेघ. मोबाइलमधली नोंद आपणच बघतो, भिंतीवरची सगळं घर बघतं, आणि लहान मूल तर हमखास विचारतं, आज रेघ का नाही?

थोडी काळजी

रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल, पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सूर्यनमस्कार सुरू करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायामाबद्दल आधी सल्ला घ्यावा. छातीत दुखलं, घेरी आली, तर तिथंच थांबून वैद्यकीय मदत घ्या. नमस्कार पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून शिका. पुस्तकावरून किंवा व्हिडिओवरून कंबर कुठं वाकते ते कळत नाही.

आज रात्री एवढं करा

कागदावर चार ओळी लिहा. एक, मला हे कशासाठी करायचंय. दोन, कोणती एकच सवय. तीन, रोजच्या कोणत्या कामानंतर. चार, कुणाच्या सोबतीनं. दोन सवयी एकदम घेऊ नका; पहिली लागल्यावर दुसरी. हा कागद जेवताना घरच्यांना वाचून दाखवा. उद्या लागणारी चप्पल किंवा सतरंजी आजच काढून ठेवा.

उद्या सकाळी मन राजी असेल किंवा नसेल, त्याला विचारू नका. ठरलेल्या वेळी उभे राहा, पाच मिनिटं करा आणि रेघ ओढा. पहिले दोन-तीन महिने तुम्ही सवयीला सांभाळा, पुढची वर्षं ती तुम्हाला सांभाळेल.